कांतीभाईंचं ‘कोना शे?’

कांतीभाईंबद्दल चांगलं बोलायला आमची अख्खी संस्था आहे, त्यात माझी भर कशाला, असं मी बरेच दिवस म्हणत होते. दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारा, कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा, तोरणमाळच्या आश्रमशाळेच्या हेडमास्तरांना फोन लावा. सगळे एका सुरात सांगतील की असा माणूस होणे नाही. मी नाही सांगणार. मला तो माणूस पहिल्या दिवसापासून सहन झाला नाही आणि तो गेल्यावरही माझं जळणं काही थांबलं नाही. जळणंच म्हणायचं ते, उगाच दुसरं गोंडस नाव कशाला द्यायचं.

पण परवा एक नवी मुलगी आमच्याकडे कामाला लागली. तिला कार्ड देताना माझ्या तोंडून सहज निघून गेलं, “तू कोनी शे वं?” तू कोणाची गं, एवढाच त्याचा अर्थ. प्रश्न त्यांचा, विचारायची ढब त्यांची, आणि तोंड माझं. घरी आल्यावर यांना सांगितलं तर हे म्हणाले, “मग लिहून टाक एकदा, म्हणजे सुटशील.” म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमची संस्था म्हणजे नंदुरबारला एक दवाखाना, दोन कॉलेजं, गावोगावच्या शाळा आणि सगळ्यांच्या वर, घाट चढून गेल्यावर, तोरणमाळची आश्रमशाळा. या सगळ्याला मिळून संगणक विभाग म्हणजे मी आणि एक खोली. ती खोली मी उभी केली होती. भिंतीत वायरी मी टाकून घेतल्या, सर्व्हर आला तेव्हा त्याचं खोकं मी उघडलं, मिरचीचा हंगाम आला की मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवरून उडणारी तिखट धसक आत येऊ नये म्हणून दाराच्या फटीला रबर मी लावून घेतलं. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होती आणि ती माझीच आहे असं मी धरून चालले होते. घरीही सांगून ठेवलं होतं. सासूबाईंनी तर शेजारी सांगून टाकलं होतं.

आता त्या डब्याबद्दल सांगते, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं. संस्थेतल्या प्रत्येक प्रमुखाला संगणकावर सही करायला एक डोंगल दिलेलं असायचं. पेन ड्राइव्हसारखं दिसतं ते. मशीनला लावायचं, पिन टाकायचा, की कागदावर तुमची सही उमटली. पण आमच्या साहेबलोकांना एवढा वेळ कुठला. सगळ्यांची डोंगलं मगनदादांकडे, म्हणजे आमच्या कार्यालय अधीक्षकांकडे, एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असायची. ज्याचा कागद आला त्याचं डोंगल काढायचं आणि मगनदादांनी सही करून टाकायची. कोणतं कोणाचं ते कळावं म्हणून प्रत्येकाला रंगीत टेप चिकटवायची कल्पना माझी. लाल सेक्रेटरीसाहेबांचा, गुलाबी दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांचा, नारिंगी प्राचार्यांचा. पिनची चिठ्ठी डब्याच्या झाकणाला आतून. सोय उत्तम होती, मी आजही म्हणते.

झालं एवढंच की डबा खिडकीत असायचा आणि नंदुरबारच्या उन्हात गुलाबी न् नारिंगी दोन्ही टेप विटून एकसारखे झाले. दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरसाठी दिव्यांची मागणी गेली ती प्राचार्यांच्या सहीने. प्राचार्य मराठीचे. त्यांना कंपनीचा फोन आला की दिवे फिरते हवेत की स्थिर. सरांना वाटलं स्नेहसंमेलनाचं विचारताहेत. ते म्हणाले, फिरते, आणि जमल्यास रंगीत.

दिव्यांचं खोकं उघडलं त्या दिवशी मोठे डॉक्टर सेक्रेटरीसाहेबांच्या केबिनमध्ये जे बोलले ते बाहेर मिरची मार्केटपर्यंत ऐकू गेलं असेल. पुढच्याच महिन्यात साहेबांनी एक माणूस आणला. कांतीलाल चौधरी, शहाद्याकडच्या तापीकाठच्या गावचे गुजर, घरी केळी आणि ऊस, स्वतः मात्र सुरतेला मोठमोठ्या कंपन्यांत हेच काम करून आलेले. सह्यांचा, ओळखीचा आणि किल्ल्यांचा सगळा कारभार नव्याने बसवायचा, आणि तोवर विभागप्रमुख ते. टेप विटला यात माझा काय दोष होता, सांगा.

माणूस दिसायला काही म्हणजे काही नव्हता. पन्नाशीचा, थोडा पुढे वाकलेला, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. एक स्टीलची बाटली सतत बरोबर. घरचं केळं आणायचे आणि देठाकडून न सोलता उलट्या टोकाकडून सोलायचे. हातात घड्याळ असूनही येईल त्याला वेळ विचारायचे. “किती वाजले तुमच्याकडे?” आपण सांगितलं की स्वतःचं घड्याळ बघून मान हलवायची. शिपायाला विचारायचे, डॉक्टरांना विचारायचे, रिक्षावाल्याला विचारायचे. मी मगनदादांना म्हटलं, याला घड्याळ कळत नाही वाटतं. तेवढ्यानेही माझं समाधान व्हायचं त्या दिवसांत.

सुरुवातीचे कितीतरी दिवस त्यांनी संगणकाला हात लावला नाही. संस्थेत फिरायचे, कोणाच्याही टेबलाशी बसायचे, चहा घ्यायचे आणि एकच विचारायचे, “तुमची सही कोण करतं?” लोक हसत हसत सांगून टाकायचे. मग डब्यापाशी आले. झाकण उघडून आत पाहिलं, टेप पाहिले, चिठ्ठी पाहिली. मी तयारीतच होते. एक शब्द बोलले असते तर मी दहा ऐकवले असते. ते म्हणाले, “रंगाची आयडिया सरस आहे. कोनी?” मगनदादांनी माझ्याकडे बोट दाखवलं. कांतीभाईंनी मान डोलावली आणि झाकण नीट लावून ठेवलं. भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही या माणसाने.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, “आधी कागदावर चालवू.” मशीन विकत घ्यायच्या आधी ते सगळं मोठ्या कागदावर काढायचे. कोण कोणाला ओळखपत्र देणार, ते किती दिवस चालणार, हरवलं तर कोणाला सांगायचं, माणूस सोडून गेला तर कोण रद्द करणार. कोणतीही गोष्ट सुरू करताना तिची संपायची तारीख आधी ठरवायची, हा त्यांचा दुसरा हट्ट. चहापत्तीच्या डब्यावरसुद्धा तारीख. रुजू झाले त्याच दिवशी साहेबांना म्हणाले होते, “काम बसलं की मी जाणार.” मला तो नुसता तोरा वाटला. खुर्चीत बसलेला माणूस आपणहून उठल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं.

संचालकांच्या बैठकीत ही योजना समजावून सांगायची होती. साहेब म्हणाले, दोघांनी मांडा. मी आठवडाभर खपून पडद्यावर दाखवायची चित्रं केली. मूळ प्रमाणपत्र, मधलं प्रमाणपत्र, कर्मचाऱ्याचं प्रमाणपत्र, बाण, कुलपं, सगळं. तिसऱ्या चित्राला एक संचालक फोनमध्ये कापसाचे भाव बघायला लागले. पाचव्याला साहेबांनीच जांभई दिली. मग कांतीभाई उठले. पडदा बंद करायला सांगितला.

“आपण लग्नाला परगावी जातो,” ते म्हणाले. “ओट्यावर म्हातारा बसलेला असतो. तो काय विचारतो?”

सगळे एकदम म्हणाले, “कोना शे तू?”

“मंग आपण काय सांगतो?”

कापसाचे भाव बघणारे संचालक म्हणाले, “रमेशना पोऱ्या.”

“म्हातारा म्हणतो, कोनता रमेश?”

“भिका आबाना रमेश.”

“हां. भिका आबा म्हाताऱ्याला माहीत. मंग म्हातारा म्हणतो, ये, बठ. पोराला त्याने कधी पाहिलं नाही, रमेशला पाहिलं नाही. आबाच्या नावावर पोरगा ओट्यावर बसला. आपलं मशीन हेच करणार. कार्ड लावलं की विचारणार, कोना शे? खालून वर जात जात आबापर्यंत पोचणार. आबा ओळखीचा निघाला तर दार उघडणार.”

“आणि आबाला कोण ओळखतं?” साहेबांनी विचारलं. जांभई कुठल्या कुठे गेली होती.

“आबाला कोणी ओळख देत नाही साहेब, आबा म्हणजे आबाच. म्हणून आबाला बाजारात फिरवायचं नाही. त्याला घरात, कुलपात ठेवायचं. बाजाराची कामं रमेश करणार. उद्या रमेश वाया गेला तर आबा दुसरा उभा करेल. पण आबाच्याच नावाने कोणी थापा मारायला लागला तर गावच संपलं.”

योजना मंजूर झाली. संचालक बाहेर पडताना एकमेकांना ‘कोना शे तू’ विचारत हसत होते. मी पडद्याची वायर गुंडाळत होते आणि डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मी इथल्याच कोरीट गावची. हा प्रश्न मला लहानपणापासून प्रत्येक ओट्यावर विचारला गेलाय. लग्नाआधी मी अमक्यांची मुलगी, लग्नानंतर तमक्यांची सून. माझ्या नावावर कोणी कधी कुठल्या ओट्यावर बसलं नाही, मी आपली कायम साखळीच्या खालच्या टोकाला. इतकी वर्षं तो प्रश्न अंगावर घेतला मी आणि तो वापरला मात्र या माणसाने. मला का सुचू नये? याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही आणि अजून त्रास होतो.

मग आबा जन्माला घालायचा दिवस आला. म्हणजे मूळ किल्ली तयार करायची. त्यासाठी एक नवा लॅपटॉप आणला, त्याचं नेटवर्कचं कार्ड कांतीभाईंनी स्क्रू काढून बाहेर काढलं, म्हणजे तो जगाशी बोलूच शकणार नाही. किल्ली उघडायचा अधिकार पाच जणांत वाटायचा, प्रत्येकाला एक तुकडा. पाचांतले कोणतेही तीन एकत्र आले तरच आबा जागा होणार, एकट्यादुकट्याने काही होणार नाही. याची रंगीत तालीम त्यांनी कॅन्टीनमध्ये पाच चमच्यांवर घेतली. तीन चमचेवाले जमले नाहीत म्हणून दोनदा चहा थांबवला. लोकांना त्यातही मजा वाटली.

मगनदादा त्या दिवशी नारळ आणि हळदकुंकू घेऊन आले. कांतीभाई म्हणाले, “दादा, कुंकू लॅपटॉपले लावा, पन नारळ बाहेर फोडा. पानी उडालं तर आबा जन्मायच्या आधी जाईल.” मग प्रत्येक पायरी मोठ्याने वाचायची, करायची, साक्षीदाराने ‘झालं’ म्हणायचं, असं करत दुपार गेली. किल्ली तयार झाली. मी हात पुसून तयार बसले होते, कारण पाचांपैकी एक तुकडा माझा हे मी गृहीत धरलं होतं. दुसऱ्या कोणाचा असणार?

नावं वाचली. सेक्रेटरीसाहेब. मोठे डॉक्टर. ग्रंथपाल. तोरणमाळचे हेडमास्तर. आणि मगनदादा.

मगनदादा, डबेवाले मगनदादा. मी उठून बाहेर गेले ती सरळ घरी. दुसऱ्या दिवशीपासून मी कांतीभाईंशी बोलणं बंद केलं. काम असेल तर कागदावर लिहून टेबलावर ठेवायची. ते तो कागद वाचून, काम करून, माझ्या टेबलावर एक केळं ठेवायचे. मी ते केळं शिपायाला द्यायची.

शेवटी तेच येऊन बसले समोर. “वैशालीताई, रोजची कार्डं बनवायचं मशीन तुमच्या हातात. रमेश तुमच्याकडे. आबाचा तुकडाही तुमच्याकडे दिला, आणि उद्या काही बिनसलं, तर पहिलं बोट कोणाकडे?”

“माझ्यावर विश्वास नाही असं म्हणा ना सरळ.”

“विश्वास आहे म्हणून रमेश दिला. तुमच्यावर बोट येऊ नये म्हणून आबा नाही दिला.”

“आणि मगनदादा?”

“त्यांनी इतकी वर्षं सगळ्यांच्या सह्या केल्या. एकही स्वतःच्या फायद्यासाठी केली का?”

नव्हती केली. त्यांचं बरोबर होतं, आणि बरोबर असण्याचाच मला राग होता. माणूस चुकीचा असता तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं. मगनदादा तर त्या तुकड्याच्या पाकिटाला रोज सकाळी उदबत्ती ओवाळायचे. मला म्हणाले, “तू कसाले रागे भरनी बेटा? मना डबा गया, पन माले मान मिळना.”

नकार द्यायची त्या माणसाची तऱ्हाही वेगळी. साहेब नेहमी सुरतेला जाणार, म्हणून त्यांनी सांगितलं की माझं कार्ड मगनकडे राहू द्या, पूर्वीसारखं. मी असते तर ‘हो साहेब’ म्हणून मोकळी झाले असते आणि साहेब माझ्यावर खूश झाले असते. कांतीभाई नाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या घरी जाऊन ओट्यावर बसले. साहेब चहाला बाहेर आले, यांनी लॅपटॉप पुढे केला, “दोन सह्या आहेत साहेब, कार्ड आना.” तिसऱ्या दिवशी परत. पुढे पुढे साहेबच कार्ड खिशात घेऊन चहाला यायला लागले, आणि मग सुरतेला जातानाही ते खिशात जायला लागलं. काकू कांतीभाईंना पोहे द्यायच्या. साहेबांचं म्हणणं मोडूनही हा माणूस त्यांच्या घरी पोहे खात होता. मी इतकी वर्षं साहेबांचं एकही म्हणणं मोडलं नाही आणि मला त्यांच्या घराचा ओटासुद्धा माहीत नव्हता.

फोनवर तर कहर. कोणी ‘हां, मी बोलतोय’ म्हणालं की हे विचारणार, “कोना?” एकदा आम्ही ऐकतोय, “मी म्हनजे कोण?... तसं नाही चालत, आवाज तर कोणीबी काढेल... बरं, सकाळी डब्यात भाजी कोणती दिली?... हां, बराबर. बोल.” पलीकडे त्यांची बायको होती. त्या दिवशी डब्यात काय होतं हे कांतीभाईंनाच आठवत नव्हतं, म्हणून विचारायच्या आधी डबा उघडून पाहिला होता.

मग एकदा मला वाटलं, आली वेळ. तोरणमाळहून हेडमास्तरांचा फोन आला, शाळेतलं एकही कार्ड चालत नाही. सकाळपासून मास्तर लोक बाहेर ताटकळलेत, हजेरी नाही, पोषण आहाराची नोंद नाही, मशीन म्हणतंय की ओळख मान्य नाही. नंदुरबारला सगळं व्यवस्थित. मी फोन ठेवला आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, हे असलं सुरतेचं काम आमच्या डोंगरात टिकायचं नाही हे मी आधीच म्हणत होते. आधी म्हणाले नव्हते, पण त्या वेळी तसं वाटलं खरं. साहेब म्हणाले, दोघं वर जाऊन या.

जीपमध्ये मी पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत होते आणि आतून खूश होते. घाटाची वळणं सुरू झाली तशी कांतीभाईंची तब्येत बिघडली, दोनदा जीप थांबवावी लागली. ते रस्त्याच्या कडेला बसलेले, मी त्यांची स्टीलची बाटली धरून उभी. मला त्यांची कीव आली नाही असं नाही. पण त्या दिवशी खुशी जास्त होती.

शाळेत पोचल्यावर ते मशीनकडे गेलेच नाहीत. हेडमास्तरांना विचारलं, “किती वाजले तुमच्याकडे?” हेडमास्तरांनी सांगितलं. मग मशीन लावायला सांगितलं आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ दाखवलं. ते मशीन कित्येक वर्षं मागे होतं. आदल्या दिवशी वीज गेली, मशीनच्या आतला बटणासारखा सेल संपलेला, आणि वीज आली तेव्हा बिचारं आपल्या जन्मतारखेपासून परत सुरू झालं. त्याच्या दृष्टीने आमची सगळी कार्डं अजून जन्मालाच यायची होती. रमेशच जन्मला नाही तर त्याच्या पोराला ओट्यावर बसवायचं कसं? कांतीभाईंनी शर्टाच्या खिशातून एक सेल काढला. नंदुरबारला जीपमध्ये बसायच्या आधी ते घड्याळजीच्या दुकानात का थांबले होते ते मला तेव्हा कळलं.

“तुम्हाला खालीच माहीत होतं,” मी म्हटलं.

“अंदाज होता. नंदुरबारला चालतं, इथं एकदम सगळ्यांचं बंद. मंग घड्याळच.”

“मग फोनवर सांगायचं होतं.”

“सेल फोनवरून कसा पाठवू, ताई?”

आश्रमशाळेतल्या मुलांनी त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी म्हणून त्यांच्याभोवती गलका केला. हेडमास्तरांनी भाकरी, मिरचीचा ठेचा आणि उडदाची डाळ वाढली. कांतीभाई जेवले नाहीत, उतरायचा घाट अजून बाकी होता. परत आल्यावर साहेबांना त्यांनी सांगितलं, “ताईंनी लगेच कळवलं म्हणून एका दिवसात निपटलं.” मी केबिनमध्ये जाऊन काय बोलले होते हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, मला माहीत नाही. माहीत असून बोलले असतील तर जास्तच वाईट.

मगनदादा निवृत्त झाले तेव्हा मात्र लोकांना कांतीभाई पहिल्यांदा खटकले. त्यांचा नियम असा की माणूस जाणार त्याच दिवशी, शाल-नारळाच्या आधी, त्याचं कार्ड रद्द. इकडे दादांच्या हातात समोसा, तिकडे कांतीभाईंनी त्यांचं नाव रद्द यादीत टाकलं, आबाचा तुकडा साक्षीदारांसमोर परत घेतला आणि पुढे नवा मानकरी उभा केला. दादांचा चेहरा उतरला. कांतीभाई त्यांच्या पाया पडले आणि म्हणाले, “दादा, आते तुमना नाववर कोनी काही करू शकाव नही. निवांत झोपा.” मला मनातून बरं वाटलं होतं, की चला, एकदा तरी हा माणूस लोकांना आवडला नाही. चार दिवसांनी दादाच त्यांना स्वतःच्या घरी जेवायला घेऊन गेले.

आणि मग खरंच, काम बसल्यावर, ते जायला निघाले. मोठ्या भावाची कंबर गेली, केळीच्या बागा बघायला घरी कोणी नाही. साहेबांनी थांबवून पाहिलं, संचालकांनी थांबवून पाहिलं. विभागप्रमुखाची खुर्ची मला द्यायचं ठरलं. मी हो म्हटलं. इतकी वर्षं जिची वाट बघितली ती खुर्ची कोणीतरी सहज उठून रिकामी करून देतं तेव्हा काय वाटतं ते मला नीट सांगता येणार नाही. आनंद झाला, आणि आनंद त्यांनीच दिला याचा रागही आला.

शेवटच्या दिवशी, खाली हॉलमध्ये शाल-नारळाची तयारी चालू असताना, ते सर्व्हरच्या खोलीत आले. “चला ताई. माझं कार्ड रद्द करा.”

“मी?”

“रमेश तुमच्याकडे ना? मी स्वतःला कसं रद्द करू?”

त्यांचं नाव काढलं. मशीन कारण विचारतं. खाली कारणांची यादी येते: ‘किल्ली उघड झाली’, ‘नवं प्रमाणपत्र दिलं’, ‘संस्थेशी संबंध बदलला’. खरं सांगते, माझं बोट ‘किल्ली उघड झाली’वर थोडा वेळ रेंगाळलं. त्यांच्या नावापुढे किल्ली न सांभाळल्याचा एक तरी डाग कायमचा राहिला असता. ते माझ्या खांद्यामागेच उभे होते. मी ‘संबंध बदलला’ निवडलं आणि बटण दाबलं.

ते बाहेर गेले. काचेचं दार त्यांच्यामागे लागलं. त्यांनी बाहेरून कार्ड लावलं. हिरवा दिवा लागला, दार उघडलं. डोकं आत घालून म्हणाले, “रद्द केलं, पण यादी दाराला पाठवली कुठं? दाराला कसं कळणार?” माझी चूक. शेवटच्या दिवशीसुद्धा माझीच चूक निघायची होती. मी यादी पाठवली. ते परत बाहेर गेले, कार्ड लावलं. लाल. परत लावलं. लाल. काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता. एखाद्याचं घर बांधून झाल्यावर गवंडी लांब जाऊन बघतो, तसे ते त्या लाल दिव्याकडे बघत होते.

मग त्यांना आठवलं की बाटली आत राहिली. माझ्याच टेबलावर होती. त्यांनी काचेवर टकटक केली, बाटलीकडे बोट दाखवलं.

मी लगेच उठले नाही. खुर्चीत टेकून बसले. पहिल्यांदाच त्या दाराच्या आत मी होते आणि बाहेर ते. दाराशी गेले आणि काचेतून ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, “कोना शे?”

मला वाटलं, हसतील. नाहीतर वडिलांचं नाव सांगतील, ते नाव मला माहीत होतं. कांतीभाईंनी हात खाली घेतला, अगदी परगावच्या ओट्यापुढे उभं राहावं तसे नीट उभे राहिले, आणि म्हणाले,

“वैशालीताईना कांती.”

मी दार उघडलं. बाटली दिली. ते ती बगलेत धरून जिना उतरून हॉलकडे गेले, जाता जाता जिन्यावर भेटलेल्या शिपायाला विचारलं, किती वाजले तुझ्याकडे. मी दारातच उभी होते, आणि कोणाला खरं वाटणार नाही, पण त्या वेळीही माझ्या मनात पहिलं हेच आलं की असं उत्तर मला कधीच सुचलं नसतं.